शे का रे?

धरणगाव,
६ नोव्हेंबर

ती. प्रेमराजभाऊस,

पुनमचा नमस्कार. धुळ्याला तुम्ही सगळे मजेत असाल. इथे कापसाची वेचणी जोरात आहे, मजूर मिळता मिळत नाहीत. मायचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलेत. वहिनींनी पाठवलेल्या शालीची तिनं घडीसुद्धा मोडली नाही. "भूषण उना का त्याले दिसू," म्हणते. तो आला की त्यालाच द्यायची आहे.

फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच तोडशील, म्हणून लिहिते.

पालाशविधीची तारीख ठरली म्हणालास. आपला भाऊ भूषण केळीच्या ट्रकवर गेला तो परतलाच नाही, त्याला बारा वर्षं झाली, आता पळसाचा पुतळा करून त्याच्या नावानं अग्नी द्यायचा. बरोबरच असेल तुझं. तू कधी चुकलास?

एकदा चुकलास.

उखर्डूच्या दुकानातलं व्हिडिओ गेमचं खोकं आठवतं? तो आता मोबाइल दुरुस्त करतो, पण खोकं कोपऱ्यात चालू आहे. खालच्या रांगेतला शत्रू मारला की दहा गुण, मधल्याचे वीस, वरच्याचे तीस. वरून कधीमधी सरकत जाणारी तबकडी खाऊला पैसे देणाऱ्या मामासारखी, किती देईल याचा नेम नाही, म्हणून तिला तुम्ही दोघं 'मामा' म्हणायचे. शत्रू कमी झाले की उरलेले जोरात अंगावर येतात. "थोडाच राह्यनात का जास्तीच पयतस," भूषण हसायचा. सगळ्यांत जास्त गुण झाले की पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहायची. तू पी, आर, ई. तो एस, एच, ई.

तू शिकलेला, तू इंग्रजी 'शी', म्हणजे 'ती' वाचलंस. पोरीची भानगड आहे, असं पोलिसांना तूच सांगितलंस. मग कोण शोधतंय! अरे, ते 'शे' होतं. माय दुकानाबाहेरून ओरडायची, "भूषण, शे का रे?" आणि तो आतून, "शे!" तेच तो लिहायचा. आपल्या घरच्या बोलीतलं 'आहे' तुला वाचता आलं नाही, भाऊ. त्याचा राग मला अजून आहे.

आता जे टाळत होते ते. तारीख कळल्यावर माय मला घेऊन उखर्डूकडे गेली. बाहेरच थांबली आणि तशीच हाक मारली. आतली गिऱ्हाइकं वळून दाराकडे बघायला लागली. मला ते सोसवेना. मी खोक्यापुढे बसले. उखर्डू हळूच म्हणाला, "ताई, वायर काढी का हाई बठ्ठं भुली जास. आते कोनंच नाव नही." जुने गुण, नावं, सगळं पुसलेलं. मी खालच्या रांगेतला एकच मारला आणि लगेच मेले. दहा गुण. पण दुसरं कोणीच नसल्यावर दहावालाही पहिलाच. मी लिहिलं, एस, एच, ई.

मायला वाचता येत नाही, पण त्या तीन आकृत्या ती ओळखते. तिनं पदरानं काच पुसली. "मना पोऱ्या उना व!" उखर्डूनं तोंड फिरवलं.

तेव्हापासून दिवेलागणीला ती घराच्या दारातून तशीच हाक मारते. मी आतून आवाज जाड करून "शे" म्हणते. मग ती जेवते. ती फसते की मला फसवू देते, कळत नाही.

काल मी बोलायच्या आधीच "शे" अशी ओ आली. मागच्या खोलीतून. मी चुलीपुढे आमटीचं मीठ बघत होते, घोट तोंडातच होता. घरात आम्ही दोघीच. माय काहीच झालं नाही अशी आत येऊन पाटावर बसली.

विधीच्या आदल्या दिवशी ये. दिवेलागणीला दारात उभा राहा, हाक तू मार. मी मायला घेऊन बाहेर ओट्यावर बसेन, तोंडावर पदर दाबून, म्हणजे आवाज माझा नाही हे तुला दिसेल. आतून काही आलं नाही तर पुतळ्याला अग्नी दे, मी अडवणार नाही.

आणि आलं, तर आत आधी तू जा.

तुझी घाबरलेली बहीण,
पुनम