बावीस वेळा ‘मत नाही’

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. परळच्या हॉस्पिटलात, ओपीडीच्या तिसऱ्या बाकावर, माझ्या धाकट्या भावाच्या नावापुढे बावीस वेळा ‘मत नाही’ अशी खूण झाली. बावीस प्रश्न, दोन मिनिटं!

प्रश्न गोळ्यांचे. मेंदूचा एक झटका येऊन गेलाय, दुसरा टळावा म्हणून रोज चार गोळ्या बऱ्या, की चारही औषधं घातलेली एकच? एकीवर भरवसा वाटेल का? न चुकता घ्याल का? ‘पूर्ण सहमत’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत पाच चौकोन. सहावा ‘मत नाही’. सर्व्हेवाली बाई – प्रिती नाव, गळ्यात ओळखपत्र, पायात घाई. “काकू, पेशंट बोलत नाहीत ना? मग झालं.”

रघूची वाचा गेली आहे, उजवा हातही. डोकं नाही!

बुधवार, ५ फेब्रुवारी

मसाल्याच्या डब्यात सात वाट्या, सात वार. प्रत्येकीत चार गोळ्या – रक्त पातळ करायची, प्रेशरच्या दोन, कोलेस्टेरॉलची. पहिली गोळी वेलची केळ्याच्या कापातून जाते. दुसरीला ठसका. तिसरीला डोळे पांढरे. चौथी माझ्या साडीवर. रोज. पावणेदोन वर्षं. आज प्रेशर १८२.

एक गोळी म्हणजे एक ठसका. एवढंच मागते आहे मी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सर्व्हेवाल्यांना फोन केला. ज्यांची मतं नोंदली त्यांच्यातूनच पुढच्या अभ्यासाला माणसं घेणार, ती गोळी त्यांनाच मिळणार. ‘मत नाही’वाले बाद. “सिस्टीम घेत नाही, मॅडम.”

टेलिफोन ऑफिसात चौतीस वर्षं तक्रारी लिहून घेतल्या मी. खोटं आम्हीही बोलायचो, पण निदान अदबीने.

तक्रारअर्ज टाइप केला. इंग्रजीत, नन्सनी छडी मारून शिकवलेल्या. बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं, रघूला म्युनिसिपालिटीच्या शाळेत. तेव्हापासून त्याचा प्रत्येक कागद मीच भरत आले. मिलमध्ये लागला तो अर्ज माझा. मिल बंद पडल्यावरचाही माझाच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शेजारच्या कौसल्यावहिनी कुळथाची पिठी घेऊन आल्या. त्यांना अर्ज मराठीत सांगितला. रघू खाटेवरून ऐकत होता.

“सगळा बराबर,” त्या म्हणाल्या. “पण बाय, तू त्याका इचारलंस?”

“काय विचारायचं?”

“ह्याच. एक व्हयी की चार.”

म्हटलं, पिठी छान झालीय.

सोमवार, १० फेब्रुवारी

परळला जाऊन अर्ज टेबलावर आपटला. प्रितीने वाद घातला नाही. रघूचा कागद काढला, खालच्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

‘पेशंटने डावा हात वर केला. बहिणीने तो खाली केला. म्हणाल्या – त्याला काय विचारता? मी देते ते गिळतो. त्याला कसलं आलंय मत!’

शेरा दोनदा वाचला. शब्द माझेच आहेत, त्यातली आदळआपटसुद्धा माझीच. हातही आठवतो. मला वाटलं, पाणी मागतोय.

“शनिवारपर्यंत बदलता येईल, काकू. लेखी आणा. पण त्यांचं हां. तुमचं नको.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा कागद परत केला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

विचारलं नाही. धीर झाला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ८.१०

त्याच्यासमोर बसले. चार बोटं दाखवली. त्याने मान हलवली – नाही. तेवढ्याने मला आनंद झाला, मूर्ख बाई! एक बोट दाखवलं.

नाही.

मग डाव्या हाताने त्याने आजच्या वाराची वाटी डब्यातून उचलली, स्टुलावर पालथी घातली आणि वर पंजा दाबून धरला. बराच वेळ. माझ्याकडे बघत. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

आठ दिवस मी लोकांना ओरडून सांगत होते – माझ्या भावाला मत आहे!

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी ३

त्याच्या उशाशी ठेवलेल्या कागदाची नक्कल:

चि. रघुवीर यास – एकही गोळी नको, असं तुझं म्हणणं आज सकाळी माझ्यापर्यंत पोचलं. तोंडी व खुणेचं म्हणणं ग्राह्य धरलं जाणार नाही. कारणासह लेखी कळव. डाव्या हाताने, वाकडंतिकडं, कसंही. तोवर चारही चालू राहतील. हा कागद मी भरणार नाही. मुदत – शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा.