नव्या जमिनीवरचा हौद

दि. ९ नोव्हेंबर,
विहिरीवरून

माझी धाकटी बहीण कदीगा हिला थोरला भाऊ हुमेद याचा सलाम.

आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत. दुधाला तोटा नाही. तुझी वहिनी हवा हिचा गुडघा दुखतो. जीभ मात्र उत्तम चालते. हे पत्र तुझ्या लेकीने, मोमिनेने, तुला सावकाश वाचून दाखवावे. मी चौथीपर्यंत शिकलो असल्यामुळे अक्षर सुवाच्य आहे.

प्रारंभीच स्पष्ट करतो. आत्याची मुलगी मिळणे हा माझ्या मुलाचा, अलोचा, रीतीप्रमाणे हक्क होता. तू मोमिना एका मालमोटार हाकणाऱ्या मनुष्यास दिलीस. म्हणून मी शपथ घेतली की तुझ्या जमिनीवर पाय ठेवणार नाही आणि तुझ्याशी दागू करणार नाही, समोर आलीस तरी खबर देणार-घेणार नाही. माझ्या जमिनीवर पाय न ठेवण्याची शपथ तूही घेतलीस. मी माझ्या शपथेवर कायम आहे. परंतु दागू तोंडाने होते, आणि मी लिहीत आहे.

आपल्या दोघांमधील जमीन फाटली तेव्हापासून तुझ्या विहिरीतून गरम वाफ येते, हे मला वाटसरूंकडून कळले. तू शेळ्या दोन दिवसांच्या वाटेवर पाण्यास नेतेस, हेही कळले. शेळ्या मरत आहेत हे कोणी सांगितले नाही. तुझ्या काठावर गिधाडे उतरताना मीच पाहिली.

सेमेराहून मोजणी करणारी एक मुलगी आली होती. भेगेतून वर आलेला वितळता दगड थिजून जी काळी पट्टी झाली आहे, तिच्यावर ती यंत्र मांडून बसली.

"आजोबा, हे दोन्ही काठ एकमेकांपासून दूर सरकताहेत," ती म्हणाली. "मध्ये जागा झाली की खालचा रस वर येतो, थिजतो, आणि नवी जमीन होते. असंच होत राहिलं की एक दिवस इथे समुद्र शिरेल. तुम्ही उभे आहात ना, तो त्याचा तळ आहे."

"कधी शिरेल?"

"लाखो वर्षं लागतील."

"तोवर शेळ्यांनी काय प्यावे?"

ती हसली. मी हसलो नाही.

परंतु तिचे म्हणणे मी मनात नीट तपासले. ही पट्टी आपण शपथा घेतल्या तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती आपल्या वडिलांची नव्हे आणि तुझ्या सासऱ्यांचीही नव्हे. तिच्यावर कोणाचीही शपथ लागू होत नाही. हे मी मशिदीतील शेखांनाही विचारले. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "हुमेद, तू कठीण माणूस आहेस, पण मुद्दा बरोबर आहे."

म्हणून त्या पट्टीच्या मधोमध मी दगडी हौद बांधला आहे. दगड आता निवाला आहे, पाय भाजत नाही. माझ्या विहिरीचे पाणी पाइपाने हौदात उतरते. पाइप कोणी आणले, हे विचारण्याचे कारण नाही.

हवाने आताच विचारले, "त्याचं नाव लिहिलंत का?" मी नाही म्हणालो. "मग फाडा ते पत्र! बहिणीची चौकशी करायला तुम्हाला जमीनच फाटावी लागली. आता नाव लिहायला काय आभाळ फाटायला हवं?"

तर, पाइप तुझ्या जावयाने, यायोने, आणले. बायकोकडे जाण्याची वाट शोधत तो येथे आला आणि त्याने सहा दिवस माझ्याबरोबर दगड वाहिले. फार बोलतो. "मामा, जरा हळू ओढा, पाइप आहे, उंट नाही!" असे मला, माझ्या विहिरीवर, म्हणाला. तथापि त्याने बसवलेला एकही सांधा गळत नाही. काल मी त्याच्याशी दागू केली. आधी मी बोललो.

हे पत्र तोच घेऊन येत आहे. त्यास जेवू घाल.

शुक्रवारी सकाळी शेळ्या घेऊन ये. तुझ्या काठावर उतरण मी त्याच्याकडून करवून घेतली आहे. माझ्या जमिनीवर तुला एक पाऊलही टाकावे लागणार नाही. तू आली नाहीस तर मी शनिवारी उभा राहीन, आणि रविवारीही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

शेळ्यांचे पिऊन झाले की घटकाभर बस. तुझ्या मोठ्या बकऱ्याचे काय झाले, ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचे आहे.

हौद भरून ठेवणारा,
तुझा भाऊ
हुमेद