लहान मापाचा ॲप्रन

रवि., ४ फेब्रु.
जुईचं इथे आखातातल्या इस्पितळात हाडांच्या सर्जरीतलं दुसरं वर्ष संपत आलं. पुढे ठेवायचं की नाही, ते समिती १५ ला ठरवणार. तुकडीत अकरा पुरुष आणि आमची भाची. राहायला माझ्याकडे. मी कॉफी करतो, ती कुरकुर करते, श्रमविभागणी.

क्ष-किरणांसाठी घालायचा शिशाचा ॲप्रन लहान मापाचा एकच आहे. बाकीचे तिच्या पायात येतात. आज त्याच्या गळपट्टीच्या आत पाच नावं दिसली, पाच जणींची. प्रत्येकावर सरळ रेघ.
"मामा, अक्षरं वेगवेगळी, पण रेघ एकाच हाताची वाटते."
संस्कृतात नामशेष म्हणजे फक्त नाव उरलेला. इथे तेही कापलेलं.

मंगळ., ६ फेब्रु.
स्टोअरच्या सिस्टरला विचारलं तिने. "पहलेवाली? सब चली गयीं, डॉक्टर." कुठे? "चली गयीं." वर ॲप्रन घडी न करता टांगायची ताकीद. घडीने शिसं तडकतं म्हणे.

शनि., १० फेब्रु.
वार्ताहराची खोड. पाचांतली एक शोधलीच. डॉ. हिबा, सुदानच्या. आता इंडस्ट्रियल एरियातल्या दवाखान्यात कामगारांचे खोकले तपासतात. जु.ला घेऊन गेलो.

बाई प्रसन्न. म्हणाल्या, "मला कुणी काढलं नाही. हात चांगला आहे म्हणायचे. पण पेशंट मला बघून विचारायचे, डॉक्टर कधी येणार? दोन वर्षांनी मीसुद्धा दाराकडे बघायला लागले."

मग आम्ही ॲप्रनवरच्या नावांचं सांगितलं. "यल्ला, चल, फोटो असेल तर दाखव." बराच वेळ पाहिला. चहाचा ग्लास खाली ठेवला.
"अक्षर माझंच आहे. पण मी तिथे कधी नाव लिहिलं नाही."
परतताना रस्ताभर धूळ. मला एकही सुभाषित आठवेना, म्हणजे पाहा.

सोम., १२ फेब्रु.
जु.कडे सांगलीकडचा वेल्डर आला, मनगट मोडलेला. हिने तासभर खपून बसवलं. शेवटी विचारतो, "ताई, मोठं डाक्टर कवा येणार?"
"आपल्या गावचा, मामा. मराठीत विचारलं." हसत सांगत होती.
मीही हसलो. मग लक्षात आलं, बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे.

गुरु., १५ फेब्रु.
सकाळी जु.चा फोटो आला. गळपट्टी. पाचांखाली सहावं नाव: जुई. देवनागरीत. 'ज'चा दंड डावीकडे कललेला, बालवाडीपासून तिचा कलतो तसा. रेघ नाही.
"मी लिहिलेलं नाही, मामा."

समिती दोनला. मी पाठवलं: दाराकडे पाठ करून बस.
१.५५: "आत एकच खुर्ची रिकामी. दाराकडे तोंड करून ठेवलीय."
१.५६: "फिरवते."

चार वाजून गेले. फोन नाही. मीही खुर्ची फिरवून, दाराकडे पाठ करून बसलोय. ती आली तर किल्ली वाजेलच.