कणकेचा सेनापती

९ एप्रिल, कोबे

मिआओ मावशीच्या तळणाच्या दुकानात आजपासूनच चीनमधल्या लानशुई गावच्या माणसांची रीघ. काही वर्षांपूर्वी बारा एप्रिललाच त्यांचं गाव बुडालं. सेनापती त्सुईने नदीचा बांध फोडला — शत्रू अडावा म्हणून. शत्रू वळसा घालून गेला. गाव मात्र गेलं. म्हणून दर वर्षी त्या दिवशी ही माणसं कणकेचा सेनापती तळून खातात. आधी डोकं.

मावशी म्हणाली, "सेनापती तूच वळ. तुझ्यासारखा कोणाला जमत नाही."

जमणारच. त्सुई माझे वडील. दुकानाच्या माडीवर राहतात, माझे बहिरे काका म्हणून. मावशीलाही ठाऊक नाही.

बाबा सांगतात, "हुकूम वरून आला होता. मी नको म्हणत होतो." एवढ्या एका वाक्यावर मी परमुलखात दिवस काढतेय.

१० एप्रिल

नमुन्याचा एक तळला. फांग न्हावी आला होता — लानशुईचाच. बायको आणि दोन्ही लेक त्या पाण्यात गेले. त्याने सेनापती उलटसुलट करून पाहिला.

"डाव्या कानाची पाळी तुटकी का गं?"

"कणीक कमी पडली, आजोबा."

"हं."

बाबांची पाळी लहानपणी कुत्र्याने तोडली. चारचौघांत कायम टोपी. उघडं डोकं बघणार घरची माणसं — आणि न्हावी. तिकडे असताना फांगनेच कधी त्यांचे केस कापले असतील. हाताला सवय, कान तसाच वळला गेला. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

मावशी म्हणे, "एकदा चव तरी बघ." म्हटलं, तळलेलं बाधतं मला. तळणाच्या दुकानात राहून!

११ एप्रिल

फांग वस्तरा घेऊन हजर. "काकांची दाढी करून देतो." मावशीने कौतुकाने वर धाडला. काय सांगून अडवणार? जिन्याखाली उभी राहिले. कढईतलं तेल जळलं.

तो खाली आला. हात धुतले. वस्तरा स्वच्छ.

"काका बहिरे नाहीत तुझे, पोरी. एकच विचारलं — हुकूम कोणाचा? म्हणाले, माझाच."

मी कढई खाली उतरवली.

"कोणाला सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात येतो दाढीला. उद्या कान तसाच ठेव."

वर धावले. मानेवर वस्तरा असताना माणूस काहीही बोलेल. बाबा आरशात गाल चाचपत होते.

"हुकूम कोणाचा होता, बाबा?"

"माझाच. तुला बरं वाटावं म्हणून तसं सांगायचो. हात हलका आहे हं त्याचा."

१२ एप्रिल

सगळे सेनापती खपले. शेवटचा मी खाल्ला. मीठ बरोबर पडलं होतं.