सूज गळ्यापर्यंत आली

आई,

घर रिकामं पाहून घाबरू नको. तुझा फोन इथेच चार्जिंगला राहिला, म्हणून चिठ्ठी. बाबांना मेडिकल हॉस्पिटलले घेऊन चालली. दाढेची सूज गालावरून गळ्यापर्यंत उतरली आहे आणि त्यांना थुंकीही गिळता येत नाही. शाळेत दातांचं शिबिर घेणाऱ्या मॅडमना मी एकटीने फोन लावला, एकदाही अडखळली नाही. त्या म्हणाल्या, "दाढेचं नंतर पाहू, आधी श्वास. आत्ताच निघा." सुजेला गरम शेक द्यायचाच नसतो म्हणे. तू शेकत होती ते मनावर घेऊ नको, पाणी मीच तापवून देत होती.

सकाळी बाबा म्हणत होते, "काही नाही वं, दाढच तर आहे." आता नुसता हात हलवतात. शेजारच्या वंदनाकाकू ऑटो आणायला गेल्यात, त्याही सोबत येतात. तू कुहीहून आली की ही चिठ्ठी वाचून सरळ तिकडेच ये, बाबांची बीपीची गोळी आण. दातांच्या विभागात नसलो तर कॅज्युअल्टीत पाहा.

आणि खर्र्याची पुडी टीव्हीजवळ दिसेल. दरवेळी तो तंबाखू-सुपारीचा खर्रा मी हिसकावते, आज बाबांनीच खिशातून काढून ठेवली, मी काही म्हटलंही नव्हतं. तेव्हापासून मले भीती वाटून राहिली.

ऋतुजा