शेजाऱ्याच्या हातची मार्टिनी

प्रिय ब्रॉनविन,

इथे डार्विनमध्ये उकाडा फार आहे, पण मी ठणठणीत. तुझ्या पायाची जखम भरली का? कुत्रा नीट जेवतो ना?

शेजारचा डेक्लन तुला दर शुक्रवारी कॉफीची मार्टिनी करून देतो आणि ती ‘मस्त गोड’ असते, असं तू लिहिलंस. गोड? तुला मधुमेह आहे हे त्याला ठाऊक आहे ना? तिच्यात पडणारं कॉफीचं लिकर म्हणजे गोड दारूच, त्यात मुळातच साखर ठासून भरलेली असते. त्यावर हा पठ्ठ्या आणखी पाक ओतत असणार.

काल आमच्या बारमध्ये एका आजीबाईंना मी तीच मार्टिनी पाक न घालता करून दिली. व्होडका, ताजी कडक कॉफी, लिकर नावापुरतं, आणि बर्फ घालून हात भरून येईपर्यंत हलवली. वर छान दाट फेस आला.

घोट घेऊन त्या म्हणाल्या, “बायको नशीबवान आहे रे तुझी!”

“ती शेजाऱ्याच्या हातची पिते,” मी म्हणालो.

“मग तू इथे काय करतोयस, वेड्या?”

आज मालकाकडून रजा घेतली. शुक्रवारी घरी बेंडिगोला पोचतो. ग्लास तीन काढून ठेव. डेक्लनलाही बोलाव. माझ्या हातची पिताना मला त्याचं तोंड बघायचंय.

तुझा, आणि फक्त तुझाच,
कॅलम