दर महिन्याचे साठ डॉलर

५ सप्टेंबर २०१७, मंगळवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर पुरावा हवा. आमच्या गावच्या शाळेने सगळा जमाखर्च वेबसाइटवर टाकलाय. कोणीही बघावं म्हणे! इतकं उघडं ठेवतात म्हणजे नक्की काहीतरी दडवताहेत. चाळीस वर्षं मी या ओहायोत घराचा कर भरतोय, त्यातला निम्म्याहून जास्त शाळेच्या घशात जातो. मला कोणी बनवायचं काम नाही.
संकल्प: रोज एक तास वेबसाइट.
नदीन कोट घालून लायब्ररीत गेली. बायको बाहेर असली की डोकं चालतं.

६ सप्टेंबर
वेबसाइट बारा मिनिटं. डोळे दुखले.

९ सप्टेंबर
सापडलं! 'जेवण खाते. देणगी. बंद पाकिटातून रोख. ६० डॉलर.' दर महिन्याला! देणाऱ्याचं नाव नाही. ज्या पोरांचे जेवणाचे पैसे थकलेत त्यांच्या नावावर जमा होतात म्हणे. सरळ माणूस पाकिटात घालून रोख देतो का?
नदीनला सांगितलं. ती कोंबड्यांची अंडी पुसत होती. म्हणाली, अरे व्हर्न, देत असेल कोणी बापडं, तुला काय करायचंय? भोळी आहे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात व्यवहार म्हणून कळला नाही तिला. अंडी विकते, ते पैसे तिचे ती ठेवते. मी कधी विचारत नाही. घरात विश्वास लागतो.

१२ सप्टेंबर
शाळेच्या ऑफिसात गेलो. खजिनदार ग्वेन प्रुइट. गोड बोलते, म्हणजे लक्ष ठेवायला हवं. कागद मागितले. पानाला दहा सेंट! २१२ पानांचे २१ डॉलर २० सेंट. माझ्याच कराचे कागद मलाच विकत! पावती घेतली.
पाकिटाचा विषय काढल्यावर बाईचा चेहराच उतरला. म्हणाली, मिस्टर स्टोल्ट्झ, एवढं सोडून द्या, तुमच्याच भल्याचं सांगतेय. धमकी! शब्द न् शब्द लिहून ठेवतोय.

१४ सप्टेंबर
लाइलच्या सलूनमध्ये जागरूक करदाते समितीची पहिली सभा. हजर: मी (अध्यक्ष), लाइल. लाइल म्हणाला, लेका, साठ डॉलरपायी एकवीस डॉलर तर कागदांतच घातलेस. लाइलवरही लक्ष ठेवावं.
त्याला एक्क्याण्णव सालची आठवण करून दिली. शाळेने जेवण नव्वद सेंटवरून एक डॉलरवर नेलं होतं. मी चिठ्ठी पाठवली: वरच्या दहा सेंटचा हिशेब द्या, तोवर काही मिळणार नाही. सात आठवडे छदाम दिला नाही! शेवटी त्यांची थकबाकीची पत्रं यायची बंद झाली. नमले. आमचा कर्टिस तेव्हा तिसरीत. शहाणं पोर, एका शब्दाने कुरकुरलं नाही.

१९ सप्टेंबर
काल शाळा बोर्डाची सभा. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात, समोर घड्याळ लावतात. मी उठलो. म्हटलं, पाकीट कुठल्या कंत्राटदाराचं निघालं तर? नाव कळल्याशिवाय एक सेंट घेऊ नका. ठराव झाला! विजय!
घरी येऊन नदीनला सांगितलं. तिने मीटलोफची ताटली जरा जोरातच आपटली.

२४ सप्टेंबर, रविवार
कर्टिस जेवायला आला. नदीनने त्याचं चीज न घातलेलं वेगळं केलं. पस्तिशीचा घोडा, पण चीज बघितलं तरी तोंड फिरवतो. लहानपणी हौसेने खायचा. तिसरी-चौथीत कुठून खूळ शिरलं देव जाणे.

३ ऑक्टोबर, मंगळवार
नदीन लायब्ररीतून दहा मिनिटांत परत. पुस्तक नाही. डोळे लाल. ॲलर्जी म्हणाली. लायब्ररी बंद असणार. तिथेही आपलाच कर जातो. नोंद घेतली.

१० ऑक्टोबर
ग्वेनचा फोन. पाकीट बंद झालं, म्हणून या महिन्यात पैसे थकलेल्या नऊ पोरांच्या हातातली गरम ताटं काउंटरवर काढून घेतली आणि थंड चीज सँडविच दिलं. एक मुलगी तिथेच रडली. मी म्हटलं, भावना नकोत, कागद दाखवा. फोन ठेवला.
कॉफी अर्धी ओतून दिली. साखर कमी असावी.

१७ ऑक्टोबर
काल सभेत म्हटलं, पाकीट देणाऱ्याचं नाव वाचा. ग्वेन म्हणाली, मी विनवते, इथे नको. मी आवाज चढवला: करदात्याचा हक्क आहे!
तिसऱ्या रांगेतली खुर्ची सरकली. नदीन उभी. माझी नदीन, चर्चचा कोट घालून.
म्हणाली, पाकीट माझं. अंड्यांचे पैसे आहेत. सव्वीस वर्षं देतेय. सात आठवडे माझ्या कर्टिसच्या हातातलं ताट सगळ्या वर्गादेखत काढून घेत होते, आणि हा घरी बसून दहा सेंटचा हिशेब मागत होता. मला कळलं तेव्हा थकलेलं सगळं मी भरलं. दुसऱ्या कोणाच्या लेकराचं ताट जाऊ नये म्हणून पुढेही भरत राहिले. झालं समाधान?
घड्याळ वाजलं. माझी तीन मिनिटं संपली होती.

त्याच दिवशी, दुपारी
नदीन बहिणीकडे गेली. कर्टिसला फोन केला. चीजचं विचारलं. म्हणाला, बाबा, मला वाटायचं आपण गरीब आहोत. घरी बोललो तर तुम्हाला लाज वाटेल, म्हणून कधी बोललो नाही.


१८ ऑक्टोबर
कोंबड्यांना दाणे घातले. अंडी पुसली. दोन फुटली.
पाकीट घेऊन शाळेत गेलो. साठ डॉलर, वर पस्तीस: सात आठवडे, रोजचा एक डॉलर. ग्वेनपुढे ठेवून निघालो. तिने हाक मारली. नाव? नाव नको, म्हटलं. म्हणाली, मिस्टर स्टोल्ट्झ, तुमचाच ठराव आहे, नावाशिवाय घेता येत नाही.
नाव लिहिलं. कशाबद्दल, तेही लिहावं लागलं.
उद्या वेबसाइटवर येईल म्हणाली. कोणीही बघावं.